पिवळ्या मातीचे हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. गावाहून आलेली कार्डं मी तुला वाचून दाखवायची आणि तू सांगशील ते उत्तर लिहायची. त्यात मी माझ्या मनाचं एखादं वाक्य घातलं तरी तुझ्या लक्षात यायचं. आता तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. तू गेलीस त्या वयाच्याही मी पुष्कळ पुढं आले, आणि आज स्मृती नगरातल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भांडी बाजूला सारून हे लिहायला बसले आहे. गेल्या आठवड्यात माझी लेक आली होती. तिच्या नवऱ्यानं तिला समोर बसवून आपलं दुसरीकडचं सगळं प्रकरण सांगितलं, काही लपवलं नाही, माफीही मागितली. ती मला म्हणाली, "मम्मी, सच बोला उसने, यही तो मुश्किल है. खोटं बोलला असता तर मला निदान चिडता तरी आलं असतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर तूच येत होतीस, त्या अर्ध्या छपराच्या घरातून बाहेर येताना, कोपरापर्यंत पिवळे झालेले हात अंगापासून लांब धरून.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. भिलाईचा पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. बा खलाशी होता, उंचावर लोखंडी तुळया चढवून जोडणाऱ्या टोळीत. गोंदियाच्या पलीकडच्या आपल्या गावातून तो आपल्या आधी दोन वर्षं एकटाच आला होता, आणि क्वार्टर मिळाल्यावर आपल्याला घेऊन आला. दोन खोल्या, मागं नळ, समोर लाल मुरूम. झाड एकही नाही. रात्रंदिवस कुठंतरी लोखंडावर लोखंड आपटत असायचं, इतकं की ते थांबलं की आपण दोघी दचकून एकमेकींकडं पाहायचो. धर्म घेऊन आपल्याला तीनच वर्षं झाली होती. भिंतीवर नागपूरहून आणलेली बुद्धाची तसबीर होती आणि संध्याकाळी दिवा लावून आपण तिघं पंचशील म्हणायचो, बा पुढं आणि आपण दोघी त्याच्या मागून. तिसरं शील आलं, परक्या बाईच्या वाटेला न जाण्याचं, की बाचा आवाज खाली जायचा आणि नुसते ओठ हलायचे. मला वाटायचं, त्याला तेवढं पाठ होत नाही. एकदा मी मोठ्यानं म्हणून त्याला मदत केली. तू माझ्याकडं वळून पाहिलंस, मग त्याच्याकडं, आणि पुढचं तिघांपैकी कोणीच नीट म्हटलं नाही.

क्वार्टरांच्या मागं नाला होता आणि नाल्यापलीकडं एक रिकामं गाव. कारखान्याच्या जागेत आलं म्हणून लोक उठून गेले होते. जाताना छपराची कवेलू, दारं, लाकडं सगळं काढून घेऊन गेले होते. उरल्या होत्या मातीच्या भिंती, एक विहीर आणि एक मोठी चिंच. कामावर माती वाहणाऱ्या रेजा बाया आम्हा पोरींना सांगायच्या की नाला ओलांडू नका, तिथं परेतिन राहते, मेलेल्या बाईचं भूत. आम्ही नाल्याच्या काठापर्यंत जाऊन थांबायचो. भर दुपारी, वारा पडलेला असताना, त्या भिंतींमधून धुराची एक सरळ रेघ वर जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. ज्या गावात एक कुत्रं उरलं नव्हतं तिथं कोणीतरी स्वयंपाक करत होतं. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू बाचा खाकी शर्ट धूत होतीस. त्याच्या पाठीवर पिवळ्या मातीचा डाग होता, ओल्या भिंतीला टेकून बसल्यावर पडतो तसा. आपल्या सेक्टरातल्या भिंती सगळ्या चुन्याच्या, पांढऱ्या. तू नखानं तो डाग खरवडलास, नाकाशी नेलास, आणि मला विचारलंस की धूर नेमका कुठल्या बाजूनं दिसतो.

त्याच आठवड्यात मैदानावर सिनेमा दाखवला. दोन खांबांना पडदा बांधलेला, पुढं जागा नव्हती म्हणून आपण पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. तिथून सगळं उलटं दिसायचं, माणसं डाव्या हातानं जेवायची. गोष्ट एका नवऱ्याची होती. त्याचं दुसऱ्या बाईशी जमलेलं असतं, बायकोला संशय येतो, ती विचारते आणि तो तिच्या पायाशी बसून सगळं खरं सांगून टाकतो. ती खूप रडते, मग दोघं एक गाणं म्हणतात आणि संपतं. बाया डोळे पुसत होत्या. तू पुसले नाहीस. परतताना मी तुम्हा दोघांच्या मधून चालत होते. तू बाला म्हणालीस, "त्यानं खरं सांगतलं तिले."

बा म्हणाला, "सिनेमा हाय तो."

"तुमी सांगान का मले?"

बा चालत राहिला. मुरमावर त्याच्या बुटांचा आवाज येत होता. तू तशीच हलक्या आवाजात म्हणालीस, "खरं नसन सांगाचं तं खोटं सांगा. पन काईतरी सांगा."

त्यानं काहीच सांगितलं नाही. त्याची ती चूक मला आज सगळ्यात मोठी वाटते. घरी आल्यावर तो पाणी प्यायला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. तो दोन वाजता सुटायचा आणि अलीकडं चार-साडेचारला घरी यायचा. तू दीडच्या सुमाराला मला उठवलंस, डोक्याला ओलं फडकं बांधलंस आणि म्हणालीस, चाल. चैत्र संपला होता. नाला कोरडा होता. पलीकडं गेल्यावर लोखंडाचा आवाज एकदम लांब गेला, आणि आपल्या पायांचाच आवाज भिंतींवरून परत येऊ लागला. ओळीनं घरं, एकालाही छप्पर नाही, प्रत्येकाच्या आत ऊन भरलेलं. एका घरात जातं तसंच पडलं होतं. एका दारात तुळशीच्या जागी वाळलेली काडी उभी होती. आणि मग चिंचेच्या पलीकडं ते घर आलं. त्यालाही अर्ध्यावर छप्पर नव्हतं, पण त्याची पुढची भिंत ताजी सारवलेली होती, ओली, हळदीसारखी पिवळी. तिच्यासमोर उकिडवी बसून एक बाई पोतेरं फिरवत होती. हिरवं लुगडं, दंडापर्यंत गोंदलेले हात. दोन दिवसांत मशीन येऊन जी भिंत पाडणार ती भिंत ती सणाच्या आधी सारवावी तशी मन लावून सारवत होती. गुणगुणतही होती.

तू मला चिंचेखाली बसवलंस आणि हलायचं नाही म्हणून सांगितलंस. तू पुढं गेलीस. ती उठली. तुम्ही दोघी काही बोललात, मला फक्त ओठ दिसले. मग तिचा चेहरा असा झाला की मी तो पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही. ती मागं मागं सरकत दारातून आत गेली आणि तिच्या मागून तू गेलीस. त्यानंतर काहीच नाही. भांडणाचा आवाज नाही, रडण्याचा नाही, भांडं पडल्याचाही नाही. चिंचेची सावली माझ्या गुडघ्यांवरून सरकून पुढं गेली. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं आणि माझी हाक त्या गावात घुमेल याची मला इतकी भीती वाटली की मी तोंड मिटलं. खूप वेळानं तू बाहेर आलीस. एकटी. हात कोपरापर्यंत पिवळे, आणि चेहऱ्यावर काहीही नाही, पुसून काढलेल्या पाटीसारखा.

वाटेत मी विचारलं, ती बाई कुठं गेली. तू म्हणालीस, "कोनती बाई?" मी म्हटलं, हिरव्या लुगड्याची. तू थांबलीस, माझ्यासमोर वाकलीस, आणि ते पिवळे हात मला लागणार नाहीत असे मागं धरून म्हणालीस, "कोनी नोतं तिथं. ऊन लागलं तुले." मला खरंच ताप चढला. चार दिवस तू माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस आणि मी तुझे हात पाहत होते. नखांच्या कडांना पिवळं राहिलं होतं, ते जायला आठवडा लागला.

त्या दिवशी बा अंधार पडायच्या सुमाराला आला. मी खाटेवर होते, मला सगळं दिसत होतं. तो उंबऱ्यात थांबला आणि आत आला नाही. तू दिवा लावत होतीस. तो तुझ्याकडं बघत होता, मग तुझ्या मागच्या भिंतीवर पडलेल्या तुझ्या सावलीकडं, मग परत तुझ्याकडं. तू म्हणालीस, "या ना आत. कावून उभे राहिले?" तो आला. पंचशील म्हणायला बसलो तेव्हा तिसरं त्यानं मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हटलं. आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तुझा आवाज थांबला. माय, त्यानंतर तुझ्या मरेपर्यंत चौथं शील तुझ्या तोंडून मी ऐकलं नाही. विहारात शंभर बाया एका सुरात म्हणत असायच्या, मी तुझ्या शेजारी बसून कान लावायची, आणि तेवढ्या एका ओळीपुरतं तुझ्या जागेवर काही नसायचं.

त्या घरात पुढं मी कशी वाढले ते तुला कधी सांगितलं नाही. तू बांगड्या कमी केल्यास, जोडवी काढून ठेवलीस, काम करताना बोचतात म्हणालीस. तू चाललीस तरी आवाज येईनासा झाला. बा जेवताना एकदम मान वर करायचा आणि तू त्याच्या मागं उभी असायचीस, वाढायला. त्याच्या हातातला घास ताटात पडायचा. तो तुझ्यावर कधी ओरडला नाही, कधी कुठं थांबला नाही, सुटी झाली की सरळ घरी. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मला मात्र एकच प्रश्न होता आणि तो कुणाला विचारायची सोय नव्हती. ती बाई भूत होती, की माणूस होती? माणूस असेल तर दारातून आत गेलेली ती बाहेर का आली नाही? मशीनं आली, भिंती पाडल्या, आणि ज्या दिवशी विहीर बुजवायला मुरूम टाकायला लागले त्या दिवशी मी शाळा बुडवून नाल्याच्या काठावर उभी होते. पहिलं घमेलं पडलं तेव्हा पाण्याचा आवाज आला, आणि मी कानांत बोटं घातली. नऊ वर्षांची पोर आपल्या आईबद्दल काय समजून बसली होती ते तुला आता सांगते. मला वाटत होतं, तू तिला मारलंस. वीस वर्षं मला तसं वाटत होतं. तू माझं बाळंतपण केलंस, माझ्या लेकीला न्हाऊ घातलंस, आणि दर वेळी मी आधी तुझे हात पाहिले.

आता जे सांगायचं आहे ते इथून पुढं. बा गेल्याला दोन वर्षं झाली होती. तू माझ्याकडं राहत होतीस, मी शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या आधी सुपेल्याच्या बाजारात गेले होते. रस्त्याच्या कडेला एक बाई छुहीची ढेकळं विकायला बसली होती. छुही म्हणजे इकडची भिंती सारवायची माती. पांढऱ्या ढेकळांचा एक ढीग, पिवळ्यांचा एक. मी पिवळ्या ढिगापाशी का थांबले ते मलाही कळलं नाही. तिनं वर पाहिलं, आणि तिच्या हातातला तराजू सुटला. मी तेव्हा तुझ्याच तेव्हाच्या वयाची होते आणि सगळे म्हणायचे की मी तुझीच मूस. ती माझ्या चेहऱ्याकडं पाहत नव्हती, वाकून माझ्या पायांकडं पाहत होती. भुताचे पाय उलटे असतात ना. माझे सरळ आहेत अशी खात्री झाल्यावर तिनं श्वास सोडला आणि विचारलं, "तैं ओखर बेटी हस का, नोनी?" तू तिची मुलगी का? तिच्या दंडापर्यंत गोंदण होतं.

ती मला बाजूच्या चहाच्या टपरीमागं घेऊन गेली आणि सगळं सांगितलं, तिच्या बोलीत, घाईघाईनं, जणू कुणी तरी ऐकायला येईल याची ती इतकी वर्षं वाट पाहत होती. ती विधवा होती. बा तिच्या दारी पाणी मागायला आला होता, आपण भिलाईला यायच्या आधी. त्यानं तिला सांगितलं की त्याची बायको गावी मेली, तापानं, आणि सांगताना तो रडला. रडला म्हणून तिनं विश्वास ठेवला. गाव उठलं, तिचे दीर-जावा उतई गावाकडं गेले, पण ती मागं राहिली, कारण त्यानं सांगितलं होतं की क्वार्टर मिळालं की तिला घेऊन जाईन. त्या दिवशी ती भिंत सारवत होती तेव्हा डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उन्हातून चालत आली आणि म्हणाली, मी त्याची बायको. ही म्हणाली, तो तर म्हणाला की तू मेलीस. मग तू म्हणालीस, "व्हय. मेलीच मी." आणि तिच्या मागून आत गेलीस, तिच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात घातलेस, आणि आतली जी भिंत अर्धी राहिली होती ती सारवायला लागलीस. एक शब्द न बोलता, तिच्याकडं न बघता, वरून खाली. ती मागच्या पडक्या भिंतीवरून उडी मारून पळाली ती थेट उतईला. पायात काही नव्हतं. बा नेहमीसारखा सुटून येत होता तो तिला वाटेत भेटला. ती त्याला एवढंच म्हणाली, की तुझी बायको आली आहे.

माझ्या मनावरचा वीस वर्षांचा दगड उतरला, माय. तू कुणाला मारलं नव्हतंस. तुझ्याच नवऱ्यानं तुला मारलं होतं, आणि तू ते त्या ओल्या भिंतीसमोर उभी राहून ऐकलंस, आणि पटकन मान्य केलंस. तुला तिला घाबरवायचं होतं का? की त्या घटकेला तुला खरंच तसं वाटलं? ती भिंत तू का सारवलीस, ते तिलाही कळलं नव्हतं आणि मलाही कळलेलं नाही.

मग तिनं आणखी एक सांगितलं. दर वर्षी पितरांच्या पंधरवड्यात ती तिच्या माणसांबरोबर तुझंही पान वाढते. भात, बडी म्हणजे उडदाचे सांडगे, एक लाडू. आपण ते सगळं सोडलं होतं, आपल्या घरी मेलेल्यांना कुणी जेवू घालत नव्हतं, आणि उतईत एक बाई तुला वीस वर्षं मेलेलीच धरून जेवू घालत होती. तिनं माझा हात धरला. तिचा हात मातीनं गार पडला होता. तिनं विचारलं, ती शांत झाली का आता? अजून रागावलेली आहे का?

तू त्या वेळी घरी होतीस. सायकलनं दहा मिनिटांवर. मला हिरव्या मिरच्या आणायला सांगितल्या होत्यास. मी तिला म्हणू शकले असते की चल, माझी आई जिवंत आहे, तांदूळ निवडत बसली असेल, तुम्ही दोघी बोला. तिची भीती त्या एका वाक्यानं संपली असती. मी म्हटलं, "हव. सांत होगे." शांत झाली. तिनं दोन्ही हात जोडले आणि रडली. मी तुझ्या बाजूनं बोलले असं मला तेव्हा वाटलं. खरं म्हणजे मला ती आणखी थोडी घाबरलेली हवी होती. तिनं तुला मेलेली धरून पान वाढत राहावं असं वाटत होतं. नंतर मी तिला बाजारात पुष्कळ शोधलं, पण ती पुन्हा दिसली नाही.

लेकीला मी यातलं काय सांगू? तिचा नवरा खरं बोलला, आणि ती रात्रभर जागी आहे. बा खोटं बोलला, तू खोटं बोललीस, मी बोलले, आणि आपण सगळे एकाच छपराखाली शांतपणे जेवलो. यातलं कुठलं बरं, ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ठरवता येत नाही. उद्या ती परत येणार आहे. बहुतेक मी तिला चहा देईन आणि ऐकून घेईन.

हे पत्र मी कपाटात ठेवणार नाही, फाडणारही नाही. पोरीच्या हाती लागलं तर लागू दे. एक गोष्ट मात्र वाचूनही तिला उमगणार नाही अशी आहे, ती फक्त तुला सांगते. त्या संध्याकाळी मी मिरच्या न घेताच घरी आले. कडी वाजवली. आतून तुझा आवाज आला नाही, पावलंही वाजली नाहीत, आणि दार उघडलं. तू विचारलंस, "कोन भेटलं होतं एवढा वेळ?" मी म्हटलं, कोणी नाही. पण त्या आधी, माय, तू दारात उभी होतीस तेव्हा, मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. मी खाली पाहिलं होतं, तुझ्या पायांकडं.